एका तालुक्यात दोन कवठे

शिरोळ तालुक्यात कुणी ‘कवठ्याला निघालोय’ म्हणालं, की ऐकणारा विचारतो, ‘कुठल्या?’ प्रश्न रास्त आहे. या एका तालुक्यात दोन कवठे आहेत. एक नृसिंहवाडीजवळचं, कृष्णाकाठचं कवठेगुलंद आणि दुसरं वारणाकाठचं कवठेसार. शेजारच्या सांगली जिल्ह्यात शिरलं, की दसऱ्याच्या आतषबाजीसाठी गाजलेलं कवठे एकंद, हिंदकेसरी मारुती माने यांचं कवठे पिरान आणि तालुक्याचं ठिकाण असलेलं कवठे महांकाळ अशी आणखी तीन कवठी भेटतात. पुणे जिल्ह्यात शिरूरकडे कवठे यमाई आहे.

गावाला नाव देणाऱ्यांनी कधी एकमेकांना विचारलेलं नसतं. जिथं कवठाचं झाड तिथं कवठे, वड तिथं वडगाव, पिंपळ तिथं पिंपळगाव. जोवर गावाचा व्यवहार गावापुरता असतो, तोवर यात काही बिघडत नाही. बाजार, महसूल, टपाल किंवा रस्ता दोन गावांना एका वहीत आणतो, त्या दिवशी एकाच नावाच्या दोन नोंदी समोरासमोर येतात. मग कुणाला तरी काहीतरी करावंच लागतं.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढे हाच पेच गेली साठेक वर्षं उभा आहे. एकानं एका मॉड्यूलमध्ये लिहिलेल्या प्रोसिजरचं नाव आणि दुसऱ्यानं दुसऱ्या मॉड्यूलमध्ये लिहिलेल्या प्रोसिजरचं नाव एकच निघतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. दोन्ही मॉड्यूल एकत्र वापरायला घेतली, की घोटाळा होतो. त्यावर त्यांनी शोधलेले उपाय एकापाठोपाठ एक पाहिले, तर आपल्या मुलखाला ते ओळखीचे वाटतील. कारण त्यातले बहुतेक इथं आधी वापरून झाले आहेत, आणि त्यांचे तोटेही भोगून झाले आहेत.

वाडी, पण कुठली?

नृसिंहवाडीपासून सुरुवात करणं सोयीचं आहे, कारण या एका ठिकाणाच्या नावात नावांच्या बहुतेक सगळ्या अडचणी सापडतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंह सरस्वतींनी बारा वर्षं वास्तव्य केलं, अशी परंपरा आहे. ‘गुरुचरित्रा’त या स्थानाचा उल्लेख येतो तो अमरापूर या नावानं, आणि ते अमरापूर म्हणजे कृष्णेपलीकडचं आजचं औरवाड, असं मानलं जातं. तिथं अमरेश्वराचं देऊळ आहे. पादुकांच्या काठावर वस्ती झाली ती नंतर. तिला नाव पडलं नरसोबाची वाडी, पुढं नरसोबावाडी आणि संस्कृत वळणाचं नृसिंहवाडी. ‘गुरुचरित्र’ वाचून कुणी अमरापूर शोधत निघाला, तर त्याला नगर जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्यात रेणुकामातेचं अमरापूरही भेटेल.

‘नरसोबा’ म्हटल्यावर पहिल्यांदा येणारा माणूस सिंहमुखी मूर्तीची अपेक्षा धरून येऊ शकतो. नृसिंह अवताराची मूर्ती पाहायची, तर त्यानं सांगली जिल्ह्यातल्या कोळे नरसिंहपूरला किंवा नीरा-भीमेच्या संगमावरच्या नीरा नरसिंहपूरला जावं. वाडीत पूजा होते ती पादुकांची. दोन्ही नरसिंहपुरांची नावंही पाहण्यासारखी आहेत. एकानं पुढं गावाचं नाव लावलं, दुसऱ्यानं नदीचं. खुद्द नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान कारंजा, पण वर्धा जिल्ह्यातही एक कारंजा आहे. म्हणून एक झालं कारंजा लाड आणि दुसरं कारंजा घाडगे. याच नावाचे आणखी एक सत्पुरुष एकोणिसाव्या शतकात आळंदीत होऊन गेले. त्यांना ‘आळंदीचे नृसिंह सरस्वती’ म्हणतात.

पादुकांच्या बाबतीत संप्रदायानं मात्र आधीपासूनच काळजी घेतलेली दिसते. औदुंबरच्या त्या विमल पादुका, वाडीच्या मनोहर पादुका, गाणगापूरच्या निर्गुण पादुका. तिन्ही एकाच गुरूच्या. नुसतं ‘गुरूंच्या पादुका’ म्हटलं, तर कुठल्या ते कळणार नाही. विशेषण लावलं, की जागाही कळते.

आणि तरीही कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस ‘वाडीला जाऊन आलो’ एवढंच म्हणतो. इथं वाडी म्हणजे नरसोबाची वाडी, दुसरी कुठली असूच शकत नाही. घाट उतरून सिंधुदुर्गात गेलं, की ‘वाडी’ म्हणजे सावंतवाडी. दोघंही चुकत नाहीत. छोटं नाव आपल्या मुलखात पुरतं, मुलूख ओलांडला की पुरत नाही. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत याला ‘स्कोप’ म्हणतात. आपल्या स्कोपमध्ये लहान नाव, बाहेर पूर्ण नाव.

माणसांच्या आडनावांतही हेच दिसतं. वाडीसमोरच्या कुरुंदवाडात १८७२ साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर हे मूळचे गाडगीळ. घराणं पलूसचं, म्हणून बाहेर आल्यावर पलुस्कर. खुद्द पलूसमध्ये राहून कुणाला ‘पलुस्कर’ म्हणून ओळखता येणार नाही, तिथं सगळेच पलूसचे. ‘कर’ लावायची गरज गाव सोडल्यावर पडते.

कारकुनाची युक्ती

महसुलाच्या वहीत मात्र ‘आपल्याकडचं’ असं काही नसतं. तिथं शेकडो गावं एकाखाली एक लिहायची असतात. म्हणून जुन्या कारभारानं नावांना शेपट्या आणि शेंड्या लावल्या. सगळ्यांत सर्रास आढळणारी जोडी बुद्रुक आणि खुर्द. फारसीतल्या ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर या शब्दाचं मराठी रूप बुद्रुक, आणि खुर्द म्हणजे लहान. दप्तरात ते आखडून ‘बु.’ आणि ‘खु.’ झालं आणि आजही सात-बाऱ्यावर तसंच लिहिलं जातं. सीमेपलीकडे कन्नड मुलखात हेच काम ‘हिरे’ आणि ‘चिक्क’ हे शब्द करतात.

कोल्हापूर जिल्ह्यात या युक्तीचे आणखी नमुने आहेत. कागल तालुक्यात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव आहेत. कसबा म्हणजे बाजारपेठेचं, मानाचं गाव. मौजे म्हणजे साधं खेडं. कोल्हापूरला लागून कसबा बावडा, घाटमाथ्यावर गगनबावडा. राधानगरीकडे कसबा वाळवे, कारण वाळवा सांगली जिल्ह्यातही आहे. महामार्गावर पंचगंगेच्या पुलाशी असलेली ती पुलाची शिरोली, करवीर तालुक्यातली ती शिरोली दुमाला. पुलावरून पडलेलं नाव लोकांचं आहे. दुमाला हे नाव महसुलाचं. ज्या गावाच्या उत्पन्नावर सरकारखेरीज इनामदाराचाही हक्क असे, ते दुमाला.

ही प्रथा अजून संपलेली नाही. जिल्ह्यात दत्ताच्या नावाचे दोन साखर कारखाने निघाले, एक शिरोळला आणि एक आसुर्ले-पोर्लेला. ऊसदराच्या बातमीत नुसतं ‘दत्त’ लिहून भागेना, म्हणून एक झाला ‘दत्त-शिरोळ’ आणि दुसरा, मालकी बदलल्यावर, ‘दत्त दालमिया’. हा निर्णय कुठल्या समितीनं घेतला नाही. उसाचा दर विचारणाऱ्या शेतकऱ्यांनी घेतला.

शेपूट लावण्यात एक धोका असतो. शेपटीत जी माहिती भरलेली असते, ती जुनी होते. पटवर्धनांची मिरज संस्थानाची वाटणी १८२० साली झाली आणि मिरज थोरली पाती, मिरज धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली. कुरुंदवाडचीही १८५४ साली तशीच थोरली आणि धाकटी पाती झाली. मिरज धाकट्या पातीची राजधानी होती बुधगाव. म्हणजे नाव मिरजेचं आणि गादी मिरजेबाहेर. १९४८ साली ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली आणि पात्यांची नावं कागदांत उरली. विलीनीकरणानंतर नवा जिल्हा झाला, त्याला नाव मिळालं दक्षिण सातारा. १९६० साली तेही बदललं आणि सांगली जिल्हा झाला. त्या दहा-अकरा वर्षांतला एखादा कागद आज हातात आला आणि त्यावर ‘जि. दक्षिण सातारा’ असलं, तर तरुण वाचक नकाशात ते शोधत बसेल. कारंजा लाड १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं, आता वाशिम जिल्ह्यात आहे. सावंतवाडीच्या पत्त्यात १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्हा लिहीत, नंतर सिंधुदुर्ग. गाव जागचं हललेलं नसतं, त्याचा पूर्ण पत्ता मात्र बदललेला असतो.

वेलणकरांचे सहा आकडे

हा पेच सगळ्यांत जास्त छळत होता तो टपालखात्याला. एकाच नावाची अनेक गावं, आणि पत्ते लिहिणाऱ्यांच्या भाषा नि लिप्या निरनिराळ्या. यावर उपाय काढला तो एका मराठी माणसानं. संस्कृतचे पंडित आणि कवी, टपाल व तार खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती देशात लागू झाली. सहा आकडे. पहिला विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाटणी जिल्ह्याचा, उरलेले तीन टपाल कार्यालयाचे.

नृसिंहवाडीचा पिन ४१६१०४, सावंतवाडीचा ४१६५१०. दोन्ही वाड्या ४१६ च्याच घरात, कारण कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे टपालाच्या हिशेबात एकत्र येतात. पण शेवटचे तीन आकडे त्यांना कायमचं वेगळं करतात. आकड्याला जिल्ह्याचं राजकारण लागू होत नाही. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, म्हणून पोस्टमनला नवं काही शिकावं लागलं नाही. रेल्वेचंही तसंच. कोल्हापूरच्या स्थानकाला छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे नाव मिळालं, तरी तिकिटावरचा संकेत ‘केओपी’च राहिला. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला देशभरात एकमेव असा सहा आकडी संकेतांक होता. शेताच्या प्रत्येक तुकड्याला आता चौदा अंकी भू-आधार क्रमांक देण्याचं काम चालू आहे. गावाची आणि माणसाची नावं कितीही जुळली, तरी हे आकडे जुळत नाहीत.

मग सगळीकडे आकडेच का वापरू नयेत? कारण आकडा माणसाच्या तोंडात बसत नाही. ‘४१६१०४ ला पौर्णिमेला जाऊ’ असं कुणी म्हणत नाही. शिवाय आकडा लिहिताना एक चूक झाली, तरी तो आकडाच राहतो, दुसऱ्या कुठल्यातरी गावाचा. नावात एखादं अक्षर चुकलं, तर वाचणाऱ्याला सहसा कळतं. म्हणून पाकिटावर पिनही लिहायचा आणि गावही, हा वेलणकरांच्या योजनेतला व्यवहार आजवर टिकला.

सहा अक्षरांची सक्ती

प्रोग्रॅमर या वाटेनं कसे गेले ते आता पाहू. जुन्या फोरट्रान भाषेत नाव सहा अक्षरांपेक्षा मोठं देता येत नसे. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणातही, एका फाइलमधून दुसऱ्या फाइलला दिसणाऱ्या नावाची पहिली सहा अक्षरंच वेगळी धरली जातील, एवढीच हमी होती; लहान-मोठी लिपी वेगळी धरण्याचीही हमी नव्हती. रोमन अक्षरांत नरसिंहपूर आणि नरसिंहवाडी लिहून पाहा. पहिली सहा अक्षरं दोन्हींत सारखीच येतात, म्हणजे त्या हिशेबात ती एकच गावं. सी भाषेतली जुनी फंक्शनची नावं इतकी आखूड आणि खडबडीत का, याचं एक कारण हे आहे.

पुढं अक्षरांची मर्यादा सैल झाली, तेव्हा पहिला उपाय सुचला तो उपसर्गाचा. प्रत्येक लायब्ररीनं आपल्या सगळ्या नावांपुढं दोन-चार अक्षरं लावायची. हे थेट कसबा सांगाव आणि मौजे सांगाव. मग नावांची उतरंड आली. जावा भाषेत प्रत्येक संस्थेनं आपलं इंटरनेटवरचं नाव उलटं लिहून पॅकेजच्या पुढं लावावं, असा रिवाज पडला. देश, जिल्हा, तालुका, गाव याच क्रमानं. आणि दक्षिण साताऱ्याचा अनुभव इथंही आला. जावा बनवणारी सन कंपनी २०१० साली ओरॅकलनं विकत घेतली, पण ‘कॉम डॉट सन’ ही नावं कोडमध्ये तशीच राहिली. ती बदलायला गेलं, तर त्यांच्यावर विसंबलेले प्रोग्रॅम बंद पडतील.

नावाची टक्कर आरडाओरडा करून झाली, तर नुकसान कमी होतं. समजा, एका दूध संस्थेचा हिशेब ॲक्सेसमध्ये आहे. एका मॉड्यूलमध्ये दुधाचं बिल काढताना ‘दर’ नावाचं फंक्शन लिहिलं, दुसऱ्या मॉड्यूलमध्ये पशुखाद्याच्या बिलासाठीही ‘दर’ लिहिलं. तिसऱ्या मॉड्यूलमधून नुसतं ‘दर’ म्हटलं, तर भाषा तिथंच अडते आणि नाव संदिग्ध आहे असं सांगते. मॉड्यूलचं नाव पुढं लावलं, की काम होतं. पण यातलं एक फंक्शन बाहेरून जोडलेल्या सामायिक लायब्ररीत असेल आणि दुसरं आपल्याच प्रकल्पात, तर भाषा काही न बोलता आपल्या घरचं उचलते. बिल निघतं, बेरीज जुळते, फक्त दर चुकीचा असतो. उत्पादकाच्या खात्यावर कमी पैसे जमा होतात आणि पडद्यावर कुठलाही लाल संदेश येत नाही.

ॲक्सेस २००० बाजारात आलं, तेव्हा हा प्रकार पुष्कळांनी अनुभवला. ‘रेकॉर्डसेट’ हे नाव मायक्रोसॉफ्टच्याच दोन लायब्ऱ्यांत होतं, जुन्या डीएओमध्ये आणि नव्या एडीओमध्ये. जोडलेल्या लायब्ऱ्यांच्या यादीत जी वर असेल, तिचा रेकॉर्डसेट खरा. नव्या आवृत्तीत एडीओ आपोआप जोडलेली येई, आणि वर्षानुवर्षं चाललेला कोड नव्या फाइलमध्ये डकवला, की ‘टाइप मिसमॅच’ म्हणून थांबे. उपाय साधा होता. नुसतं रेकॉर्डसेट न लिहिता ‘डीएओ डॉट रेकॉर्डसेट’ लिहायचं. कवठे म्हणायचं सोडून कवठेगुलंद म्हणायचं.

२०१८ साली जावास्क्रिप्ट भाषेची समिती याद्यांच्या आतल्या याद्या सपाट करणाऱ्या नव्या सोयीला ‘फ्लॅटन’ हे नाव देणार होती. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती आली आणि एक संकेतस्थळ मोडलं. कारण मूटूल्स या जुन्या लायब्ररीनं तेच नाव आधीपासून स्वतःसाठी वापरलेलं होतं. मूटूल्सचे दिवस सरले होते, पण तिच्यावर उभी असलेली अनेक संकेतस्थळं चालू होती आणि त्यांना हात लावणारं कुणी उरलं नव्हतं. अखेर भाषेच्या समितीनंच माघार घेतली आणि नाव ठेवलं ‘फ्लॅट’. सरकारी अधिकाऱ्यानं नवं गाव वसवताना जुन्या खेड्याच्या नावाला वाट द्यावी, तसा हा निर्णय होता.

नावाच्या टकरीचा कुणी मुद्दाम फायदा घेतला तर काय होतं, हे अलेक्स बिरसान या सुरक्षा संशोधकानं २०२१ च्या फेब्रुवारीत दाखवून दिलं. मोठ्या कंपन्या आपापल्या अंतर्गत वापरासाठी पॅकेजं लिहितात आणि त्यांना साधी नावं देतात. बिरसाननं त्याच नावांची पॅकेजं सार्वजनिक भांडारात टाकली आणि त्यांना वरचा आवृत्ती क्रमांक दिला. कंपन्यांच्या यंत्रणांनी घरचं सोडून बाहेरचं उचललं. ॲपल आणि मायक्रोसॉफ्टसह पस्तीसहून अधिक कंपन्यांत त्याचा कोड चालला. त्याचा हेतू चोरीचा नव्हता, म्हणून निभावलं. वाडीला निघालेल्या पाहुण्याला कुणी दुसऱ्याच वाडीच्या गाडीत बसवावं आणि त्याला शेवटपर्यंत कळू नये, असा हा प्रकार.

राजापूरला पाणी वाढलं

गावांना आणि प्रोग्रॅमला लागू पडतील अशा दोन-तीन गोष्टी या सगळ्यातून निघतात. छोटं नाव वाईट नसतं. ते आपल्या हद्दीत ठेवावं. सामायिक जागेत काही ठेवायचं असेल, तर त्याचं नाव सुरुवातीपासूनच पूर्ण असावं, कारण नंतर बदलणं जवळजवळ अशक्य होतं. शेपटीत लवकर न बदलणारी गोष्ट घ्यावी. मालक, जिल्हा, पाती बदलतात. नदी सहसा जागची हलत नाही. आणि टक्कर होणारच असेल, तर ती गप्प राहून होऊ नये.

हे नियम पाळले नाहीत तर काय होतं, हे पाहायला शिरोळ तालुक्याइतकी योग्य जागा नाही. पावसाळ्यात इथल्या माणसाचं लक्ष दोन आकड्यांवर असतं. एक, कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती फूट आहे. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. दुसरा, खाली कृष्णेवर राजापूर बंधाऱ्यातून कर्नाटकात किती पाणी जातंय. राजाराम आणि राजापूर ही नावं घाईत वाचताना एकमेकांत मिसळतात. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातलं राजापूर आहेच, आणि तिथं अर्जुना-कोदवलीचं पाणी त्याच जुलै महिन्यात बाजारपेठेत शिरतं.

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत शिरोळ तालुक्यातली गावं पाण्यात गेली. घर केव्हा सोडायचं, जनावरं केव्हा हलवायची, हे लोक बंधाऱ्याच्या आकड्यावर ठरवतात. पूर्वी तो निरोप तालुक्याच्या हद्दीतच फिरे. ‘राजापूर’ म्हणजे कुठलं ते सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असे. आता तो मोबाइलवरून फिरतो, कापलेला, तारीख उडालेला, कुणी पाठवला ते न कळणारा. ‘राजापूरला पाणी वाढलं’ या तीन शब्दांत तीन जागा बसू शकतात. आकडा कुठल्या बंधाऱ्याचा, नदी कुठली, तालुका कुठला, हे एवढं वाढवून लिहायला अर्धा मिनिट लागतो. कृष्णा चढायला लागल्यावर औरवाड-गौरवाडच्या माणसाला तो अर्धा मिनिट कुणीतरी आधीच खर्च केलेला असावा लागतो.